कमळाकर मढवीचा उजवा फेर

कमळाकर मढवी हा माणूस चिडका आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चहात साखर कमी पडली की चिडतो, जास्त पडली की त्याहून चिडतो. लिफ्टमध्ये कुणी फोनवर बोलायला लागलं की मधल्याच मजल्यावर उतरतो आणि उरलेले जिने पाय आपटत चढतो. तळवलीत लहानथोर त्याला दादा म्हणतात आणि त्याच्या इमारतीच्या दारासमोर स्कूटर लावत नाहीत. विषय नाचाचा असला तर मात्र दादाचं चिडणं बरोबरच असतं, असं गावात मानत. निदान गेल्या गौरीपर्यंत तरी मानत होते.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत त्यानं एकतीस वर्षं काढली. ती झाली नोकरी. खरं काम शिफ्ट सुटल्यावरचं. शाळांची गॅदरिंग, हळदीचे नाच, महिला मंडळांच्या स्पर्धा. घणसोलीपासून ऐरोलीपर्यंत असं एक मंडळ नसेल, जिथल्या बायकांनी त्याच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. आणि त्याची एक रीत होती. तो शिकवताना कधीही शिकणाऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा नाही. कायम पाठ. नवी बाई म्हणायची, दादा, जरा इकडं वळा ना, तुमचे हात दिसत नाहीत. की दादा पेटलाच. समोर उभा राहिलो तर तू आरशात बघितल्यासारखं करशील, माझा उजवा तो तुझा डावा होईल आणि सगळा नाच उलटा बसेल, एवढंसुद्धा कळत नाही का? चाळीस वर्षांत हे वाक्य त्यानं किती वेळा फेकलं असेल, त्याची गणती नाही. ते लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्याच्याकडे एक गोष्ट होती, जी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. गौरीचा फेर. पूर्वी तळवलीत गौरी आल्या की बायका अंगणात मधोमध बत्ती ठेवून तिच्याभोवती गात, टाळ्या देत फेर धरायच्या. पुरुषांना तिथं मज्जाव. पण ती गॅसबत्ती मंदावली की पंप मारायला एक पोरगा लागायचा, आणि सात वर्षांचा कमळाकर तीन गौरी त्या फेराच्या मधोमध बसला. दहाव्या वर्षी त्याला बायकांनी हाकललं. मग शेतं नव्या शहरात गेली, अंगणांच्या जागी इमारती आल्या, फेर धरणाऱ्या बायका एकेक करून गेल्या आणि गौरीपुढं डीजे लागला. कमळाकरनं तिशीत तो फेर आठवून आठवून स्टेजवर बसवला. त्याला बक्षिसं मिळाली, पेपरात फोटो आला. आगरी महोत्सवात त्याचं पथक शेवटी नाचायचं, कारण त्यानंतर कुणी नाचू धजायचं नाही. फेर माझ्याकडे आहे, असं तो म्हणायचा, जसं दुसरं कुणी म्हणेल की सातबारा माझ्याकडे आहे.

त्याच महोत्सवात प्रियदर्शिनी साबळेनं तो फेर पाहिला आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी ती त्याच्या दारात उभी राहिली. खांद्याला बॅग, बॅगेत चार चाकांचे बूट. साताऱ्याकडची पोरगी, घणसोलीच्या माथाडी वसाहतीत वाढलेली. वडील हौसेराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पोरगी अठरा वर्षांची, आणि दहा वर्षं स्केटिंग करत होती. शर्यतीचं नाही, नाचाचं. गाण्यावर उड्या, गिरक्या, एका पायावर तोल, आणि समोर बसलेले पंच गुण देणार. आदल्या वर्षी राज्याच्या निवड स्पर्धेत पंचांनी तिला सांगितलं होतं की तुझं तंत्र चांगलं आहे, पण तुझं स्वतःचं असं त्यात काही नाही. या वर्षी वयोगटातलं शेवटचं वर्ष होतं. पहिल्या चारांत आली तर राष्ट्रीय स्पर्धा. नाही आली तर हौसेरावांनी मार्केटातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता, आणि बूट माळ्यावर जाणार होते. बापाचा विरोध नव्हता. दहा वर्षं त्यानं पाठीवर पोती वाहून हा हट्ट पुरवला होता, त्याला आता थांबायचं होतं, एवढंच.

तिनं हे सगळं उंबऱ्यात उभं राहूनच सांगितलं. कमळाकरचा पहिला प्रश्न होता, चाकांवर? तिनं हो म्हटलं. तो म्हणाला, चाकांवर लहान पोरं खेळतात. ती गेली नाही. उलट म्हणाली, एकदा बघायला या, नाही पटलं तर मी परत येणार नाही. ही कटकट एका दिवसात संपेल, या हिशेबानं तो गेला.

घणसोलीतल्या एका उद्यानात सिमेंटचं रिंक आहे. तिथं निशिगंधा मॅडम शिकवतात. चाळिशीच्या, आवाज हळू, पण ज्याला जे सांगायचं ते सांगून सोडणाऱ्या. त्यांनी त्याला एक प्लास्टिकची खुर्ची दिली आणि मुलीला म्हणाल्या, दाखव. प्रियदर्शिनी मागे मागे जात एक मोठं वळण घेऊन गेली, कमरेत किंचित वाकलेली, नजर खाली, पाय एकामागे एक सरकताहेत. कमळाकर खुर्चीतून उठला. त्याला ती आवणी दिसली. भाताची रोपं लावणाऱ्या बायका चिखलात अशाच मागे मागे सरकतात, पुढं तोंड करून कुणी आवणी करत नाही. त्याची आई तशीच सरकायची. जमिनीवर नाचणाऱ्या बाईला तो हे कधी नीट शिकवू शकला नव्हता, कारण मागे पाय टाकताना ती घाबरायची आणि अडखळायची. ही पोरगी मागे जाताना पुढं जाण्यापेक्षा जास्त मोकळी होती. तो दुसऱ्या दिवशी स्वतःच आला, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन, ठेका धरायला.

आणि मग सुरू झाला डोक्याला ताप.

पहिला ताप असा की ती थांबत नव्हती. नाचात पाऊल पडतं, वजन बसतं, मग दुसरं उठतं. चाकं म्हणजे पाऊल टाकलं की सरकतंच. कमळाकर डब्यावर थाप मारी आणि ओरडे, इथं थांब. ती म्हणे, थांबले तर मार्क जातात. तो म्हणे, मार्क गेले खड्ड्यात, इथं ठेका आहे. दुसरा ताप मोजण्याचा. ती पाच-सहा-सात-आठ मोजणार, हा तोंडानं धाधीन् करणार, आणि दोघांचं कधी एका जागी यायचं नाही. तिसरा सगळ्यात मोठा. फेराचा जीव पाय आपटण्यात आहे. सात बायकांनी एकदम पाय आपटला की अंगण हलायचं. चाकांचा पाय आपटला की माणूस आपटतो. प्रियदर्शिनी एका आठवड्यात चार वेळा पडली, कोपर सोललं, आणि कमळाकर खुर्चीवरून म्हणाला की असला नाच मी आयुष्यात बसवला नाही आणि पुन्हा बसवणार नाही. रोज हेच म्हणायचा. रोज यायचा.

पाय आपटायचा मार्ग तिनंच काढला. बुटाच्या पुढच्या टोकाला रबराचा एक गट्टू असतो, थांबायला वापरतात तो. ती मागे सरकता सरकता तो सिमेंटवर टेकवू लागली, ठक्, आणि तसाच उचलून पुढं. आवाज कोरडा, बरोबर ठेक्यावर. कमळाकरनं डबा वाजवणं थांबवलं. तिनं पुन्हा केलं. तो म्हणाला, कुणी शिकवलं हे? ती म्हणाली, तुम्हीच तर रोज ओरडता. त्या दिवशी तो घरी लिफ्टनं गेला, आणि फोनवर बोलणारा एक जण असूनही आपल्या मजल्यापर्यंत गेला.

एप्रिलपर्यंत आवणी बसली, ठेका बसला, सुपानं पाखडायचे हात बसले. निशिगंधा मॅडमनी उड्या त्यात अशा ओवल्या की त्या वेगळ्या वाटेनात. आता शेवट राहिला होता. शेवटी फेर. रिंकच्या मध्यभागी न दिसणारी बत्ती, तिच्याभोवती लहान लहान होत जाणारं वर्तुळ, आणि मग अगदी मधोमध एका पायावर गिरकी. गिरकीवर सगळ्यात जास्त गुण. तिची गिरकी राज्यात दोन-तीन मुलींचीच असेल अशी, हे मॅडमनीच सांगितलं होतं.

तिनं फेर करून दाखवला. कमळाकर म्हणाला, उलटा गेलीस.

ती डाव्या अंगानं फिरत होती. मध्य डाव्या हाताला, गिरकीही डावीकडं. मॅडमनी समजावलं की बहुतेक स्केटर डावीकडंच फिरतात, रिंकवर सगळे त्याच दिशेनं जातात, तिचं शरीर दहा वर्षं तसंच वळलंय. कमळाकर म्हणाला, देवळात तुमी कुठून फिरता? देव उजव्या हाताला ठेवून. बत्ती म्हणजे गौर. गौर उजव्या हाताला राहणार. मॅडम म्हणाल्या, पंचांना ते कळणार नाही. तो म्हणाला, मला कळेल. हे असं आठ दिवस चाललं. मॅडमनी सुचवलं की फेर तुमच्या दिशेनं करू, पण गिरकी तिच्या दिशेनं. म्हणजे फिरता फिरता मधेच उलटायचं. त्यानं डबा उचलला आणि चालता झाला.

पुढचे दहा दिवस तो रिंकवर गेला नाही. घरात बसून टीव्हीवर चिडत होता. दहाव्या दिवशी प्रियदर्शिनी आली, बॅग न घेता. तिनं विचारलं की एवढं काय आहे त्या दिशेत. खरं म्हणजे तो ओरडणारच होता. पण तिनं ते भांडायला विचारलं नव्हतं, आणि ते त्याला कळलं.

"डाव्या अंगानं मी आयुष्यात एकदाच फिरलोय," तो म्हणाला. "खांद्यावर मडकं घेऊन. आईच्या सरणाभोवती. तिचाच फेर आहे हा. तो मी मयताच्या दिशेनं नाचवू?"

  प्रियदर्शिनी त्याच्या बायकोनं दिलेलं सरबत प्यायली आणि जाताना म्हणाली की करते उजवीकडून. मॅडमना मी सांगते.

आता उजव्या हातानं लिहिणाऱ्या माणसाला सांगून बघा, की चार महिन्यांत डाव्या हातानं सही कर, आणि ती बँकेत चालली पाहिजे. तिनं तेच केलं. मे महिन्यात उन्हानं तापलेल्या सिमेंटवर सकाळी साडेपाचला येऊन, मग जूनमध्ये पावसानं रिंक बंद झालं तेव्हा एका सोसायटीच्या खांबांवरच्या पार्किंगमध्ये, गाड्या निघाल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत, दोन खांब आणि एक बंद पडलेली इनोव्हा यांच्या मधून. सेक्रेटरी रोज येऊन विचारायचा की हे किती दिवस चालणार आहे, आणि कमळाकर रोज त्याला वेगळं उत्तर द्यायचा. ती पडायची. गिरकीच्या तिसऱ्या वळणाला शरीर आपसूक दुसरीकडं जायचं आणि चाक अडकायचं. मग उठून पुन्हा. मॅडम वहीत लिहीत होत्या, किती गिरक्या साधल्या. दहातल्या तीन. दहातल्या पाच. ऑगस्ट उजाडला तेव्हा दहातल्या सात. डावीकडून दहातल्या दहा. ही वही त्यांनी एकदा कमळाकरपुढं धरली. त्यानं चष्मा आणला नाही म्हणून सांगितलं. चष्मा खिशात होता.

ऑगस्टच्या शेवटी निवड स्पर्धा पुण्याला होती. मॅडमच्या गाडीतून चौघं गेली, हौसेरावही. त्यांनी पोरीची स्पर्धा तोवर कधी पाहिली नव्हती, कारण मार्केट चालू असायचं. हॉलमध्ये ते खुर्चीच्या टोकावर बसले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर धरून. बाकीच्या मुलींची गाणी पियानोची नाहीतर सिनेमाची. प्रियदर्शिनीचं गाणं म्हणजे तळवलीच्या चार बायकांचे आवाज आणि एक पत्र्याचा डबा. सुरू झालं तेव्हा मागच्या रांगेतून कुणी हसलंही. मग ती मागे मागे सरकत आली, वाकून, आणि पहिला ठक् पडला.  दुसऱ्या ठक्ला टाळी आली. हौसेराव पुटपुटले की आमच्याकडंबी आवणी अशीच करत्यात.  उड्या झाल्या, स्वच्छ. पाखडणं झालं. फेर सुरू झाला, उजव्या अंगानं, लहान होत होत, आणि ती मध्यभागी पोचून एका पायावर वर चढली.

एक वळण. दोन. तिसऱ्याला चाक अडकलं. ती पडली नाही, पण हात जमिनीला टेकला. पुन्हा उठून तिनं ठेक्यावर शेवट केला, हात जोडले, पंचांना नमस्कार केला. पाचवी आली. चौथीच्यात आणि तिच्यात अर्ध्या गुणाचंही अंतर नव्हतं.

परतीच्या वाटेवर कमळाकर पंचांना शिव्या देत होता. त्यांना मातीतलं काही कळत नाही, त्यांना पियानो पाहिजे, एवढ्या टाळ्या पडल्या त्या काय बहिऱ्यांनी वाजवल्या? लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत त्याचं चालू होतं. प्रियदर्शिनी खिडकीशी बसली होती, बुटांची बॅग मांडीवर घेऊन. घणसोलीला उतरताना हौसेरावांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "दादा, तुमी काय बी कमी केलं न्हाई. पोरीचं नशीब." आणि सोमवारपासून पोरगी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसू लागली, वाशीला, ट्रकांचे नंबर कॉम्प्युटरवर टाकत.

गौरी आल्या. कमळाकरला चैन नव्हतं. स्पर्धेचा व्हिडिओ त्याच्या फोनवर होता आणि तो तळवलीत घरोघर गौरीच्या दर्शनाला जाऊन तो दाखवत होता. हे बघा, आणि ही म्हणे पाचवी. लोक प्रसादाची वाटी हातात धरून बघत आणि च्च् करत. त्याला तेच पाहिजे होतं. असं करत करत तो गोजराआत्याकडे पोचला.

गोजराआत्या त्याच्या बापाची धाकटी बहीण. त्र्याऐंशी वर्षांची, कानानं बरी, गुडघ्यांनी वाईट. जुन्या फेरातली जिवंत राहिलेली शेवटची बाई. ती त्याच्याच गल्लीत राहते, शंभर पावलांवर. आता तुम्ही म्हणाल, तीस वर्षांत त्यानं तिला कधी विचारलं कसं नाही. नाही विचारलं. बायकांना काय विचारायचं, मी स्वतः मधे बसून बघितलंय, ही त्याची गुर्मी.

आत्यानं फोन डोळ्यांच्या अगदी जवळ धरून शेवटपर्यंत पाहिलं. म्हणाली, पोर चांगली हाय. आवनी तर आमच्यासारखी करते. मग तिनं विचारलं की ती शेवटी उलटी का फिरली.

कमळाकरला वाटलं, म्हातारीला फोनमधलं नीट दिसत नाही. त्यानं समजावलं की उलटी नाही, सुलटी, गौर उजव्या हाताला. आत्या म्हणाली नाय. तो म्हणाला हो. आवाज चढला, घरातली माणसं बाहेर आली. शेवटी आत्या खुर्चीचा हात धरून उठली. गौरीपुढची समई तिनं सुनेकडून जमिनीवर मधोमध ठेवून घेतली. गुडघे चोळले. आणि समईभोवती चालू लागली, दोन पावलं आणि टाळी, दोन पावलं आणि टाळी. समई तिच्या डाव्या हाताला होती. टाळीसुद्धा ती धड देत नव्हती, उजवा तळवा नुसता डाव्या मनगटावर आपटत होती. कारण तिचा डावा हात कोपरात वाकवून कमरेशी धरलेला होता, त्या हातात काही असल्यासारखा.

कमळाकरनं विचारलं, हात असा का?

"पोर अस्ते ना कडेवर," आत्या म्हणाली. "सगल्यांच्या कडेवर पोरा. कडेवरचा पोर आतल्या अंगाला पायजे, उजेडान. भायेर ठेवला तं बाजूचीचा धक्का लागल. तू पन नाचलास माझ्या कडेवर, दोन गौरी."

तो म्हणाला की आपण मयताला डावीकडून फिरतो. आत्या म्हणाली की मयताचा फेरा मयताचा, तो मानूस एकटा मारते. यो बायांचा हाय. मग त्यानं जवळजवळ रडवेल्या आवाजात विचारलं की मी तीस वर्षं स्टेजवर उलटा नाचवला, तू पुढच्या खुर्चीत बसून बघितलास, एकदाही बोलली कशी नाहीस?

"मना वाटला टेजवर तसाच अस्ते," ती म्हणाली. "तू कवा इचारलास?"

तो घरी आला आणि दार लावून खोलीत उभा राहिला. मधोमध पाण्याचा तांब्या ठेवला. सात वर्षांचा पोरगा, बत्तीजवळ बसलेला, सगळ्या बायकांची तोंडं त्याच्याकडं. बायका आपल्या उजवीकडं सरकताहेत. त्याला दिसतंय ते त्याच्या डावीकडं. दुसऱ्या दिवशी तो बोळात एकटाच नाचून बघतो, जसं दिसलं तसं, डावीकडं. आरशात बघितल्यासारखं. चाळीस वर्षं ज्या चुकीवर तो जगावर खेकसला होता, ती त्यानंच पहिल्यांदा केली होती, आणि देवळाच्या प्रदक्षिणेनं तिच्यावर शिक्का मारला होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईच्या सरणाचं नाव घेऊन त्यानं ती एका पोरीच्या गळ्यात बांधली होती. तांब्या त्यानं लाथेनं उडवला. बायको बाहेरून काय झालं विचारत होती, तो सांडलेलं पाणी पुसत बसला.

रविवारी तो रिंकवर गेला. प्रियदर्शिनी आता फक्त रविवारी यायची, मॅडमच्या लहान मुलांना शिकवायला. ती एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होती. कमळाकर खुर्चीवर बसला नाही. नेहमीसारखी पाठही केली नाही. तिच्यासमोर उभा राहून त्यानं सगळं सांगितलं, बत्तीपासून आत्याच्या हातापर्यंत, काही न गाळता. मॅडम ऐकत होत्या. माफ कर हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही, निघणारही नव्हता, तो तसा माणूस नाही. तो म्हणाला, चूक माझी होती, पंचांची नाही.

प्रियदर्शिनीनं नाडीची गाठ पूर्ण बांधली. मग उभी राहिली.

"काका, मला डावीकडून येत होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून येत होतं."

तो हो म्हणाला.  ती पोरांकडं गेली, त्यांना रांगेत उभं केलं, त्यांच्याबरोबर दोन चकरा मारल्या. कमळाकरला वाटलं, संपलं. तो फाटकापर्यंत पोचला तेव्हा तिनं मागून हाक मारली. चेहरा रागाचाच होता, आवाजही. म्हणाली की पुढच्या रविवारी आत्यांना घेऊन या. मला त्यांच्याकडून शिकायचंय, तुमच्याकडून नाही.

पुढच्या रविवारी त्यानं आत्याला रिक्षातून आणलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर तिला बसवलं आणि डबा तिच्या मांडीवर दिला. त्याला बसायला दुसरी खुर्ची नव्हती, तो जाळीला टेकून उभा राहिला. आत्यानं डब्यावर दोन थापा मारून आवाज पाहिला आणि पोरीला हातानंच खूण केली, हिकरून. प्रियदर्शिनी मागे मागे सरकत आली. ठक् पडला. फेर सुरू झाला तेव्हा तिचा डावा हात कमरेशी वाकलेला होता, तसं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं, आत्याच्या हाताची गोष्ट ऐकून तिनंच तो तसा धरला होता. वर्तुळ लहान होत गेलं, डाव्या अंगानं, आणि ती मध्यभागी एका पायावर चढली.

कमळाकर मोजत होता. तीन झाली, चार झाली, सात झाली. चाक कुठं अडकलं नाही. आत्या डबा वाजवायची थांबली तरी ती फिरत होती. मग हळूहळू थांबली, हात जोडले, आणि सवयीनं समोर पाहिलं, जिथं पंच बसतात तिथं. तिथं उद्यानाची भिंत होती.